पाठीला पाठ लावलेली घरे: बर्मिंगहॅममधील कोर्ट १५ चे प्रकरण

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या मध्यभागी, हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीट हे रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर, हिप्पोड्रोम नाट्यगृहापासून हाकेच्या अंतरावर विटांच्या अकरा लहान घरांचा एक समूह उभा आहे. १८०२ ते १८३१ या काळात टप्प्याटप्प्याने बांधलेली ही घरे एका सामायिक चौकाभोवती आहेत आणि हा चौक कोर्ट १५ या क्रमांकाने ओळखला जातो. कारागीर आणि मजूर कुटुंबांच्या या घरांमध्ये दीडशे वर्षांहून अधिक काळ वस्ती होती. १९६० च्या दशकात ती राहण्यास अयोग्य ठरून रिकामी झाली, १९८८ मध्ये त्यांना श्रेणी दोनच्या वारसा यादीत स्थान मिळाले आणि जुलै २००४ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने ती संग्रहालय म्हणून खुली केली.

या घटनाक्रमात एक पेच दडलेला आहे आणि त्यासाठीच हे प्रकरण तपासण्याजोगे आहे. एकाच बाजूने येणारा उजेड, घरात नळाचा आणि मोरीचा अभाव, चौकातले सामायिक संडास या ज्या दोषांवर आरोग्य अधिकाऱ्यांनी शतकभर बोट ठेवले आणि ज्यांच्यामुळे अशी हजारो घरे पाडण्यात आली, तेच दोष आज या घरांच्या वारसामूल्याचे कारण आहेत. राजवाडा किंवा चर्च जपताना त्याचे गुण जपावे लागतात. येथे मात्र उणिवाच जपायच्या होत्या, आणि त्याही वास्तू कोसळणार नाही, आत येणारा माणूस सुरक्षित राहील आणि इमारतीचा काही उपयोगही होत राहील, अशा बेताने.

जमीन, भाडेपट्टा आणि नफा

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बर्मिंगहॅमची लोकसंख्या सुमारे ७४ हजार होती; १८५१ च्या जनगणनेपर्यंत ती २ लाख ३० हजारांच्या वर गेली. या शहराचा उद्योग मँचेस्टरसारख्या प्रचंड कापड गिरण्यांवर उभा नव्हता. गुंड्या, बकल, साखळ्या, कुलुपे, बंदुकांचे सुटे भाग, दागिने अशा लहान धातुवस्तूंच्या असंख्य छोट्या कारखान्यांत, आणि पुष्कळदा राहत्या घराच्या माळ्यावर किंवा चौकातल्या शेडमध्ये, हा उद्योग चालत असे. कामगाराला आपल्या गिऱ्हाइकाजवळ आणि आपल्यासारख्याच इतर कारागिरांजवळ राहावे लागे, कारण एका वस्तूचा एक भाग एकाकडे आणि दुसरा भाग शेजारच्या गल्लीत तयार होत असे. त्यामुळे शहराच्या मध्यभागातील प्रत्येक रिकाम्या तुकड्याला मागणी आली.

कोर्ट १५ ज्या जमिनीवर आहे ती गूच या जमीनदार घराण्याची होती आणि तिथे भाडेपट्टा घेणाऱ्यांनी घरे उभारली. भाडेपट्ट्याच्या पद्धतीचा बांधकामावर होणारा परिणाम येथे लक्षात घ्यायला हवा. पट्ट्याची मुदत संपली की जमिनीबरोबर इमारतही मूळ मालकाकडे परत जाते. म्हणून बांधणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे काम करण्यात रस नसतो, त्याचे सारे लक्ष मुदतीच्या आत जास्तीत जास्त भाडे वसूल करण्याकडे असते. अरुंद आणि खोल भूखंडावर रस्त्याच्या कडेने घरांची एकच रांग बांधली तर मागची जागा वाया जाते. त्याच रांगेच्या पाठीला चिकटून दुसरी रांग बांधली आणि तिचे तोंड आतल्या चौकाकडे केले, तर तेवढ्याच जमिनीवर दुप्पट भाडेकरू बसवता येतात, एक भिंत वाचते आणि छप्परही एकच पुरते. पाठीला पाठ लावलेल्या घरांचा जन्म या हिशोबातून झाला. त्यामागे कोणताही स्थापत्यविचार नव्हता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कमीत कमी वीट, लाकूड आणि जागा वापरून प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा दरवाजा आणि स्वतःचा जिना असलेले घर देणे हे या रचनेला साधले होते. त्या काळात लिव्हरपूल आणि मँचेस्टरमध्ये तळघरांत राहणाऱ्या कुटुंबांच्या तुलनेत ही गोष्ट लहान नव्हती.

वास्तूची रचना

कोर्ट १५ मधील अकरा घरे दोन प्रकारची आहेत. इंज स्ट्रीटच्या बाजूला तीन जोड्या, म्हणजे सहा घरे आहेत. प्रत्येक जोडीतील एका घराचे तोंड रस्त्याकडे आणि दुसऱ्याचे चौकाकडे आहे. हर्स्ट स्ट्रीटच्या बाजूला असलेल्या पाच घरांना मागे जोडीदार नाही आणि त्यांची मागची भिंत बंद आहे. म्हणजे मागे कोणी राहत नसतानाही या घरांना मागून उजेड मिळत नाही.

जोडीतील एका घराचा छेद डोळ्यांसमोर आणला, तर रचना लगेच कळते. वर दोन पाख्यांचे उतरते छप्पर असते आणि साधारण त्याच्या आढ्याखालून एक उभी भिंत तळापर्यंत उतरते. या भिंतीच्या अलीकडे एक घर, पलीकडे दुसरे. प्रत्येक घराला तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावर एकच खोली असते. तळमजल्यावरील खोलीत चूल, जेवण, बैठक आणि बहुतेक वेळा पोरांचा दंगा असे सर्व काही होते. पहिल्या मजल्यावर आई-वडिलांची निजण्याची खोली आणि सर्वांत वर माळा, जिथे मुले झोपत आणि गरज पडल्यास पोटभाडेकरू ठेवले जात. या तिन्ही खोल्यांना जोडणारा जिना अरुंद, उभा आणि वळणाचा आहे. एकाने चढावे आणि दुसऱ्याने वर थांबून वाट पाहावी, इतकीच त्याची रुंदी आहे.

घराच्या चार भिंतींपैकी तीन शेजाऱ्यांशी सामायिक असतात आणि खिडक्या उरलेल्या एकाच भिंतीत असतात. त्यामुळे हवा आत येते, पण तिला बाहेर जायला वाट नसते. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या वाचकाला सामायिक नळ आणि सामायिक संडास ओळखीचे वाटतील, परंतु चाळीच्या खोलीला पुढे गॅलरी आणि पुष्कळदा मागे खिडकी असते, आणि तिथला वारा आरपार जातो. येथे तसे घडत नाही. हवेचा हा प्रश्न सुखसोयीपुरता नव्हता. १९१० मध्ये डॉ. डॅरा मेअर यांनी यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग भागातील शहरांमध्ये पाठीला पाठ लावलेली घरे आणि आरपार हवा असलेली घरे यांतील मृत्यूंची तुलना केली, तेव्हा पहिल्या प्रकारात मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले होते.

चौक हा या वास्तूचा दुसरा अर्धा भाग आहे आणि केवळ घरांकडे पाहणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो. रस्त्यावरून एका बोळातून चौकात येता येते. तिथे संडास आणि कपडे धुण्याची खोली होती. तिच्यात विटांच्या भट्टीवर बसवलेला तांब्याचा मोठा हंडा असे, त्यात पाणी तापवून कपडे उकळले जात आणि कोणत्या घराने कोणत्या दिवशी धुणे काढायचे याची पाळी ठरलेली असे. कोर्ट १५ मध्ये एका काळी सुमारे साठ माणसे राहत होती. साठ माणसांचे धुणे, पाणी, राख, कचरा आणि शौच या एवढ्याशा फरसबंदी जागेत चालत असे, आणि मुलांचे खेळही तिथेच. रस्त्याकडचे घर आणि चौकाकडचे घर क्षेत्रफळाने सारखे असले, तरी अशा घरांत रस्त्याकडच्या घराला सामान्यतः जास्त भाडे पडे. संडासाच्या दारासमोर तोंड असणे आणि रस्त्यासमोर तोंड असणे यांतला फरक घरमालकाने पैशांत मोजलेला होता.

बंदी, पाडापाडी आणि एक अपवाद

१८४९ मध्ये सरकारी निरीक्षक रॉबर्ट रॉलिन्सन यांनी बर्मिंगहॅमच्या आरोग्यस्थितीची पाहणी केली, तेव्हा शहरात असे सुमारे दोन हजार चौक होते आणि त्यांतल्या बहुतेकांत सांडपाण्याची धड व्यवस्था नव्हती. जोसेफ चेंबरलेन महापौर असताना पालिकेने १८७५ मध्ये गॅस पुरवठा आणि १८७६ मध्ये पाणीपुरवठा स्वतःच्या ताब्यात घेतला. १८७६ मध्येच पालिकेने उपविधी करून अशा नव्या घरांच्या बांधकामावर बंदी घातली. याच काळात दाट वस्तीचा मोठा भाग पाडून कॉर्पोरेशन स्ट्रीट हा भपकेबाज व्यापारी रस्ता काढण्यात आला, पण ज्यांची घरे गेली त्या कामगारांसाठी नवी घरे फारशी बांधली गेली नाहीत. चेंबरलेन यांच्या कारकिर्दीचे गुणगान करताना ही बाजू सहसा दोन ओळींत आटोपली जाते.

देशभरासाठी बंदी १९०९ च्या गृहनिर्माण व नगररचना कायद्याने आली. लीड्समध्ये आधी मंजूर झालेल्या आराखड्यांच्या आधारे अशी घरे १९३७ पर्यंत बांधली जात राहिली, ही कायद्याच्या इतिहासातील एक गमतीची नोंद आहे. अर्थात नव्या बांधकामावर बंदी घातल्याने जुनी घरे नाहीशी होत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर बर्मिंगहॅमच्या पालिकेने नेमलेल्या चौकशी समितीने, जिचे अध्यक्ष जोसेफ यांचे पुत्र आणि पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले नेव्हिल चेंबरलेन होते, शहरात अशी ४३ हजारांहून अधिक घरे असल्याचे नोंदवले. त्यांत सुमारे दोन लाख माणसे राहत होती. उपविधी होऊन चाळीस वर्षे उलटत आली, तरी ही स्थिती होती.

खरी पाडापाडी दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. शहर अभियंता हर्बर्ट मॅन्झोनी यांच्या योजनेनुसार पालिकेने मध्यवर्ती शहराभोवतीची पाच मोठी पुनर्विकास क्षेत्रे ताब्यात घेतली आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत चौकांच्या जागी उंच इमारती, रुंद रस्ते आणि मोकळी मैदाने आली. तिथे राहणाऱ्या बहुसंख्य लोकांना घरातला नळ आणि स्वतःचा संडास हवाच होता, आणि त्यांनी ही घरे सोडताना हळहळ करावी अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार वारसाप्रेमींना नाही.

मग कोर्ट १५ कसे वाचले? कोणाच्याही दूरदृष्टीने नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हर्स्ट स्ट्रीट हा दुकानांचा रस्ता बनत गेला आणि रस्त्याकडच्या घरांच्या तळमजल्यांचे गाळे झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यास वरच्या मजल्यांवरची वस्ती बंद झाली, पण खालची दुकाने चालू राहिली. दुकान चालू राहायला माळ्यावर आरपार वारा लागत नाही. इमारतीला भाडे मिळत राहिले, म्हणून ती पाडण्याची घाई कोणाला झाली नाही. दरम्यान शहरातले बाकीचे चौक एकामागून एक गेले आणि अखेरीस हा समूह बर्मिंगहॅममधला अशा चौकाचा शेवटचा शाबूत नमुना ठरला. १९८८ ची यादीतील नोंद झाली तेव्हा वास्तू जीर्ण झालेली होती. १९९५ मध्ये हेरफर्डच्या पुरातत्त्व पथकाने तिची तपशीलवार पाहणी केली आणि त्यातून बांधकामाचे टप्पे व पुढचे फेरफार स्पष्ट झाले. त्यानंतर बर्मिंगहॅम कॉन्झर्व्हेशन ट्रस्टने जतनाचे काम हाती घेतले. त्याला लॉटरीच्या उत्पन्नातून चालणाऱ्या वारसा निधीचे आणि युरोपीय विकास निधीचे साहाय्य मिळाले.

कोणता काळ जपायचा

दुरुस्ती करणाऱ्यांसमोर पहिला प्रश्न काळाचा होता. वास्तू तिच्या मूळ रूपात परत न्यायची, हा नेहमीचा मार्ग येथे फसवा ठरला असता. मूळ रूप म्हणजे १८३१ चे रूप धरले, तर त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांतले भिंतींवरचे थर, बदललेल्या चुली, आलेला गॅस, फोडलेली दुकानांची दर्शनी भिंत हे सारे खरवडून टाकावे लागले असते, आणि उरले असते ते एक स्वच्छ, कोरे, कधीच अस्तित्वात नसलेले घर. उलट सर्व घरे १९६६ च्या अवस्थेत गोठवली असती, तर एका गळक्या, रिकाम्या इमारतीपलीकडे लोकांना काही दिसले नसते.

निवड झाली ती तिसऱ्या मार्गाची. चार घरांमध्ये चार वेगवेगळे काळ दाखवायचे ठरले आणि प्रत्येक काळासाठी जनगणनेच्या नोंदींतून या चौकात खरोखर राहिलेले किंवा काम केलेले कुटुंब निवडण्यात आले. १८४० च्या दशकासाठी लंडनहून आलेले लेव्ही हे ज्यू कुटुंब आहे. घड्याळांचे काटे बनवणे हा त्यांचा व्यवसाय होता, आणि जवळच सेव्हर्न स्ट्रीटवर सिनेगॉग असल्याने या भागात ज्यू वस्ती होती. १८७० च्या दशकासाठी काचेचे डोळे बनवणाऱ्या ओल्डफिल्ड यांचे घर आहे. हे डोळे बाहुल्यांसाठी, पेंढा भरलेल्या प्राण्यांसाठी आणि डोळा गमावलेल्या माणसांसाठीही जात. या घरात स्वतःच्या मुलांबरोबर पोटभाडेकरूही राहत. १९३० च्या दशकातले मिचेल हे कुलुपे बनवणाऱ्यांचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या याच चौकात राहिलेले होते. शेवटचा टप्पा १९७० च्या दशकाचा आहे आणि तो कॅरिबियनमधील सेंट किट्स बेटावरून आलेल्या एका शिंप्याच्या दुकानाचा आहे. त्याने दुकान बंद केले तेव्हा त्याची हत्यारे आणि सामान संग्रहालयाला मिळाले.

या निवडीतला विचार मला जतनाच्या साऱ्या कामात सर्वांत मोलाचा वाटतो. इंग्लिश कामगारवर्गाची म्हणून ओळखली जाणारी वास्तू आरंभापासून स्थलांतरितांचीही होती, हे यातून कोणतीही पाटी न लावता कळते. पुरातत्त्वीय शिस्तीचा भोक्ता एवढेच म्हणेल की एकाच जोडीतील घरे वेगवेगळ्या दशकांत उभी केल्याने चौकाचे समग्र चित्र कोणत्याही एका तारखेला खरे नाही. आक्षेप बरोबर आहे. पण कोणतीही राहती इमारत कोणत्या एका तारखेला खरी असते, याचे उत्तर त्या आक्षेपात नाही.

काळ बदलतो तसा उजेडही बदलतो: पहिल्या घरात मेणबत्ती, पुढच्यात तेलाचा दिवा, त्यापुढच्यात गॅस. हा तपशील वरवर साधा आहे, परंतु एकाच भिंतीत खिडक्या असलेल्या घरात काटे घासणाऱ्या किंवा काच वितळवणाऱ्या माणसाच्या कामाचे तास दिव्यावर अवलंबून असत. वास्तूची उणीव आणि कामगाराची कमाई यांचा संबंध येथे थेट दिसतो, आणि जिन्याची अरुंदी किंवा संडासाचे अंतर सांगूनही तो इतका ठसत नाही.

वापर आणि त्याची किंमत

उरलेल्या घरांचे काय करायचे, हा दुसरा प्रश्न. कोपऱ्याजवळच्या एका गाळ्यात १९३० च्या दशकातल्या धर्तीचे गोळ्या-चॉकलेटांचे दुकान आहे. इंज स्ट्रीटवरील दोन घरे सुट्टीसाठी भाड्याने दिली जातात आणि त्यांत आजच्या पाहुण्याला लागणाऱ्या न्हाणीघरासारख्या सोयी केलेल्या आहेत. ज्या घरातून कुटुंबे सुटका म्हणून बाहेर पडली, त्याच घरात आता लोक पैसे मोजून हौसेने मुक्काम करतात, याचा उपहास करणे सोपे आहे. मला मात्र ही तडजोड योग्य वाटते. अकराही घरे संग्रहालय केली असती, तर आठ-नऊ घरांत तेच ते पलंग आणि त्याच त्या किटल्या मांडाव्या लागल्या असत्या; आणि दोष दूर करून घर राहते ठेवायचे असेल, तर ते चारांपैकी एका घरात करण्यापेक्षा वेगळ्या घरात करणे केव्हाही बरे. दोष जपलेली घरे आणि दोष काढलेली घरे येथे एकाच छपराखाली, एकमेकांना न बिघडवता नांदतात.

पाहण्याची पद्धत मात्र जिन्यानेच ठरवली आहे. घरे मोकळेपणाने फिरून पाहता येत नाहीत. आधी नोंदणी करून लहान गटात मार्गदर्शकाबरोबर जावे लागते. जिना रुंद करणे किंवा दोन घरांमधली भिंत फोडून सलग वाट काढणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हते, आणि गर्दीच्या ठिकाणी असलेल्या संग्रहालयाला त्याचा मोहही झाला असता. पण मधली भिंत फोडली की पाठीला पाठ लावलेले घर आरपार घर होते, म्हणजे ज्यासाठी ते जपले तेच जाते. ज्यांना जिना चढता येत नाही अशांना वरचे मजले पाहता येत नाहीत, ही या निर्णयाची खरी किंमत आहे. ती मान्य करूनही भिंत अभंग ठेवली गेली.

दाटी, वास आणि आवाज या तीन गोष्टी येथे दाखवता आलेल्या नाहीत. सात-आठ पाहुणे माळ्यावर उभे राहिले की थोडी गर्दी जाणवते. साठ माणसांच्या चौकाची कल्पना त्यावरून करावी लागते. संडास आज स्वच्छ आहेत, चौक झाडलेला आहे, धुण्याच्या खोलीतला हंडा थंड आहे. स्वच्छता हा वास्तू लोकांसाठी खुली ठेवण्याचा अपरिहार्य भाग असल्याने त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही, पण मार्गदर्शकाच्या बोलण्यावर या चौकाचा बराचसा इतिहास अवलंबून राहतो, तो यामुळेच.